कधी पोचतलंस?

मुंबई ते सिंधुदुर्गातल्या चिपीचा विमानतळ सरळ रेषेत सुमारे ३५० किलोमीटर. पंख्याच्या छोट्या विमानाला सव्वा-दीड तास पुरतो. रस्त्याने हेच अंतर पाचशेच्या घरात जातं.

सरळ रेषा नकाशाची. विमानसुद्धा तिच्यावरून नेमकं उडत नाही. वाऱ्याकडे तोंड करून उठतं, वाऱ्याकडे तोंड करून उतरतं, मध्ये सांगतील तसं वळतं. वेळापत्रकातल्या दीड तासात जमिनीवर सरकण्याची मिनिटंही धरलेली असतात.

गिरगावच्या चाळीत कोकणचं अंतर वेगळ्या मापाने मोजत. गावी कोणी वारलं, तर मुंबईच्या मुलासाठी तिरडी किती वेळ थांबवायची, हे ते माप.

आजोबांच्या पिढीत थांबवतच नसत. तार हातात पडायची तेव्हा तिकडे चिता विझलेली असायची. किनाऱ्याच्या लांबच्या बोटी पावसाळ्यात बंद. जूनमध्ये गाव दूर जायचं, नारळी पौर्णिमेनंतर परत जवळ यायचं. मुलगा दहाव्याला पोचला तरी वेळेवर आला म्हणत.

जवळचं अंतरही परीक्षा पाहतं. भाऊच्या धक्क्यावरून रेवस समोरच्या काठाला. १७ जुलै १९४७ला ‘रामदास’ बोट तेवढ्याच वाटेवर बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली, त्यांत गिरगाव-परळचे चाकरमानी होते. त्यांच्या घरी ते अंतर कधीच संपलं नाही.

२६ जानेवारी १९९८ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. रात्री गाडीत बसलेला माणूस सकाळी कुडाळला उतरू लागला. उशाशी दिवा रात्रभर तेवत ठेवायचा, एवढंच अंतर उरलं.

९ ऑक्टोबर २०२१ला चिपीला विमान उतरलं, तेव्हा वाटलं, आता दिवाही नको. सकाळी फोन, दुपारी अंगणात. पुढे ऑक्टोबर २०२५मध्ये गिरगावात भुयारी मेट्रो आली. तिच्यासाठी इथल्या जुन्या चाळी पाडल्या गेल्या, हे आम्ही विसरलेलो नाही. पण मुंबईचा विमानतळ एका गाडीवर आला, हेही खरं.

आणि चिपीची सेवा मध्येच थांबते, परत सुरू होते. ढग खाली उतरले, धावपट्टी दिसली नाही, की फेरी रद्द. ज्या दिवशी विमान नाही, त्या दिवशी चिपी दीड तासावर नसते. ती पाचशे किलोमीटरवर असते, महामार्गाच्या खड्ड्यांसकट. अंतर मिनिटांत सांगण्याचा अधिकार रोज धावणाऱ्या वाहनालाच आहे.

सणाचं ठरवून जाता येतं. गणपतीचं तिकीट महिने आधी काढतो आपण. अवेळी फोन येतो तेव्हा पलीकडून एकच प्रश्न असतो, ‘कधी पोचतलंस?’ मुलगा उत्तर देण्याआधी आजही विचारतो, आज विमान आहे का?

ते रोज असू द्या. पावसाळ्यातही.