चौथा दिवस

सातपुड्यात तीन दिवस चालून आम्ही चोपड्यात उतरलो. चौथा दिवस काहीच न करण्यासाठी होता. व्हॉट्सअॅपवरच्या प्लॅनमध्ये तसं लिहिलंच होतं: 'दिवस 4 – आराम.' लॉजची खोली, शेवभाजी आणि उनपदेवच्या गरम पाण्यात पाय. तिघांनी त्याचे पैसेही आधीच बाजूला काढले होते.

उनपदेव अडावदजवळ, डोंगराच्या पायथ्याशी आहे. तिथं गोमुखातून गरम पाणी पडतं. दगड झालेल्या पोटऱ्या त्या पाण्याखाली धरल्यावर मित्र म्हणाला, "हा आराम आपण कमावलाय, भावा." मला ते पूर्ण पटलं.

परतताना रस्त्याकडेला केळीच्या बागेपाशी ट्रक उभा होता. घड खांद्यावर घेऊन बाहेर येणाऱ्या मजुरांमध्ये आमचा वाटाड्या दिसला.

तो पावरा, वयानं माझ्याएवढाच. आदल्या संध्याकाळीच आमचा निरोप घेऊन गेला होता. तीन दिवस तो आमच्या पुढे चालला. पीठ, तांदूळ, भांडी त्याच्याच पाठीवर होती. आम्ही आडवे झाल्यावर चूल विझवून तो झोपायचा.

"आजपण काम?" मी विचारलं.

"कापणी आज आहे ना," तो म्हणाला आणि पुन्हा बागेत शिरला.

कष्टानं आराम कमावता येत असेल, तर त्याचा आराम माझ्याआधी कमावून झाला होता. वाट तीच, ओझं माझ्यापेक्षा जास्त. मग पाण्यात पाय माझे का?

"त्यांना सवय असते," असं मित्र म्हणाला. मीही हे पूर्वी म्हटलंय. पण सवयीनं थकवा जात नाही. थकलो असं सांगून कुणी ऐकणार नसेल, तर माणूस ते सांगणं सोडतो, इतकंच. दुसरं उत्तर जास्त सरळ होतं: "ठरलेले पैसे दिलेत की." खरंय, दिले होते. पण ठरवताना आम्ही आमच्यासाठी चार दिवस मोजले आणि त्याच्यासाठी तीन. थकवा चौथ्या दिवशी उतरतो हे आम्हाला माहीत होतं. फक्त स्वतःपुरतं.

तेव्हापासून मला 'कमावलेला आराम' हा शब्दच खटकतो. आपल्याकडं पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-तुपानं मळतात आणि पोळ्याला मानेवर जू ठेवत नाहीत. बैलानं वर्षभरात किती नांगरलं, याचा हिशोब त्या दिवशी कुणी मागत नाही. तो दिवस त्याचाच असतो.

माणसांना मात्र तो मागून घ्यावा लागला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. आठवड्याची सुट्टी ही त्यांची एक मागणी होती. ती मान्य व्हायला 1890 उजाडलं. त्याआधीही कामगार थकतच होते, पण नुसत्या थकण्यानं सुट्टी मिळाली नाही. 1948 च्या किमान वेतन कायद्यात तर सात दिवसांत एक दिवस विश्रांतीचा आणि त्या दिवसाचाही मोबदला, अशी तरतूद करायला जागा होती. म्हणजे विश्रांतीचा दिवस कामाच्याच हिशोबात धरायचा, हा विचार काही नवा नाही. आमच्या प्लॅनपर्यंत तो पोचला नव्हता.

संध्याकाळी मी पुन्हा बागेकडे गेलो आणि त्याच्या हातात एका दिवसाचे पैसे ठेवले.

"कशाचे?"

"आजचे."

"आज तर मी तुमच्यासोबत नव्हतो."

मला नीट सांगता आलं नाही. त्यानं थोडा वेळ माझ्याकडं पाहिलं आणि पैसे खिशात घातले. पण तोवर ट्रक भरला होता. त्याच्या खांद्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग पडले होते. पैसे पोचले, दिवस गेला तो गेलाच. हे बोलायला हवं होतं निघण्याआधी, दर ठरवताना. तेव्हा तो हिशोब झाला असता. आता ती भीक होती की भरपाई, हे त्यालाही कळलं नसेल आणि मलाही कळलेलं नाही.

पुढच्या डिसेंबरचा प्लॅन आता ग्रुपवर फिरतोय. त्यात मी एक दुरुस्ती केली आहे: 'दिवस 4 – आराम, चौघांचा.' खाली एकानं विचारलंय, "चौथा कोण?"