शनिवारचा घाणा

'ध्यानाचं ॲप काय नि ज्यूंची काबाला काय, शेवटी सगळं एकच,' असं परवा पंगतीत कुणीतरी ऐकवलं आणि माझा जिलबीतला रस गेला. सगळं एकच म्हणणाऱ्याने सहसा काहीच नीट पाहिलेलं नसतं.

मी देव न मानणारा, त्यामुळे माझा पक्ष ठरलेला: अमेरिकन लेखक सॅम हॅरिसचा. 'वेकिंग अप' (2014) या पुस्तकात तो म्हणतो, जागृतीला ना देव लागतो ना धर्मग्रंथ. डोक्यात बसून सगळं पाहणारा जो 'मी' वाटतो, त्याला शोधायला जा. तो सापडत नाही, आणि हे ज्याचं त्याला पडताळता येतं.

काबालाला, म्हणजे ज्यूंच्या गूढवादाला, 'मी' विरघळवण्याची एवढी घाई नाही. अभ्यासक गेर्शोम शोलेम यांच्या मते ज्यू गूढवाद्यांत माणूस आणि देव यांच्यामधलं अंतर बहुधा उरतंच. (दुसरे अभ्यासक मोशे इडेल यांना हे मान्य नाही, तो वाद विद्वानांनी घालावा.) सोळाव्या शतकात गॅलिलीतल्या त्स्फात गावी आयझॅक लुरियाने मांडलं, की देवाने स्वतःला आवरून घेतलं म्हणून जगाला जागा झाली. मग प्रकाशाची पात्रं फुटली, ठिणग्या विखुरल्या. त्या वेचायच्या माणसाने, आज्ञा पाळून. म्हणजे हॅरिस 'मी'ला रजा देतो, लुरिया त्याला कामाला जुंपतो. एकच कसं?

पण हॅरिसचंही एक खटकतं. हा गृहस्थ लखनौला अद्वैती गुरू पूंजाजींकडे, नेपाळात तिबेटी गुरू तुल्कू उर्ग्येन यांच्याकडे बसून आला आणि आता सांगतो, गाभा घ्या, टरफल टाका. ते तिबेटी ध्यान इतकी शतकं टिकवलं कुणी? मठांनी, गुरूंनी, रोजच्या पूजेअर्चेने. टरफलानेच की!

काबालात तर गाभा नि टरफल वेगळे नव्हतेच. त्स्फातचे गूढवादी शुक्रवारी दिवस कलला की शेताकडे निघत, शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विसाव्याला, नवरीसारखं सामोरं जायला. त्याच गावच्या योसेफ कारोंनी 'शुल्हान आरूख' हा कायद्याचा ग्रंथ रचला, आणि त्यांनाच रात्री दिव्य वाणी ऐकू येई.

थोडी आडवाट होईल, पण कोकणातले बेने इस्रायली ज्यू आठवतात. शतकानुशतकं त्यांच्याकडे ना तालमुद हा धर्मग्रंथ, ना काबाला. धंदा तेल गाळण्याचा. शनिवारी मात्र घाणा बंद, बैलाची झापडं खुंटीला. म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. ठिणग्यांची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती. वार पोचला होता.

इथे माझी पंचाईत होते. हॅरिसकडे अनुभव आहे, वार नाही. ध्यानाचं ॲप बंद केलं तर शेजाऱ्याला पत्ता लागत नाही; घाणा थांबला की अख्ख्या गावाला कळतं. लुरियाचं विश्व मला खरं वाटत नाही, वाटणारही नाही. तरी एकट्याने अधूनमधून 'मी' हरवून बसण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून एक दिवस घाणा थांबवणं मला जास्त मोलाचं वाटू लागलंय. देव नको, शनिवार हवा. हॅरिसला हे भाबडं वाटेल. आणि त्स्फातचा रब्बी विचारेल, आज्ञा देणाराच नसेल, तर हंगाम ऐन भरात असताना तू घाणा थांबवणार कुणाच्या सांगण्यावरून?