आधी विश्वास की आधी पुरावा?



आपल्या जिल्ह्यातील धरणगाव हे लहानसे शहर एक प्रश्न विचारते. १८१८ नंतर कंपनी सरकारने खानदेशातील भिल्लांवर फौजा धाडल्या, तरी बंड शमले नाही. जेम्स औट्रमनेही आधी छापाच घातला. मग मात्र तो त्यांच्यात मिसळला, त्यांच्याबरोबर शिकारीला गेला. १८२५ साली त्याने भिल्ल पलटण उभारली. धरणगाव तिचे ठाणे झाले. ज्यांना चोर म्हटले, तेच मुलखाची राखण करू लागले.

हेतू राज्य टिकवण्याचाच होता, हे विसरू नये. तरीही धडा खरा आहे: ज्याच्या हाती सत्ता, त्याने पहिला विश्वास टाकावा. गरिबाकडे गमावण्यासारखे थोडे असते, तरी प्रामाणिकपणाचा पुरावा आपण त्याच्याकडेच मागतो. कामवाल्या बाईची पिशवी तपासण्यापूर्वी एवढे आठवूया.