संकल्पाचा दहावा

नव्याचे नऊ दिवस असतात, हे आपल्याकडे शेंबडे पोरही जाणते. पुढे काय होते, हे मात्र म्हणीने सांगितलेले नाही. ते व्यायामशाळेत कळते. तिथे दहाव्या दिवशी संकल्पाचाच दहावा होतो.

जिम आता आमच्या वाशिमातही आली आहे. आरसे, पंखे, कर्कश गाणी, सगळे मुंबईसारखे. नवा माणूस तिथे नवे बूट, नवा टॉवेल, नवी पाण्याची बाटली आणि जुने पोट घेऊन येतो. आठवड्याभराने बूट खाटेखाली जातात, टॉवेल घरच्या टॉवेलांत मिसळतो आणि पोट होते तिथेच असते. यावर गावाचा निकाल ठरलेला : "आरंभशूर लेकाचा!"

मला हा निकाल अन्यायाचा वाटतो. आमच्या एका स्नेह्यांना डॉक्टरांनी बजावले की साखर वाढली आहे, हातपाय हलवा. ते आठ दिवस गेले आणि थांबले. लगेच सर्वांनी त्यांच्या मनोनिग्रहाचे शवविच्छेदन केले. त्यांच्या पोटऱ्यांची विचारपूस मात्र कोणी केली नाही. आता साखरेचे दुखणे काही थट्टेवारी नेण्यासारखे नाही. म्हणून प्रश्न पडतो : चिकाटी ही ज्याची त्याने घरून आणायची वस्तू आहे, की चार माणसांनी मिळून पुरवायची?

वाशिम म्हणजे पूर्वीचे वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेतल्या हरिषेण राजाच्या काळात, पाचव्या शतकात, अजिंठ्याची कितीतरी लेणी खोदली गेली. सोळावे लेणे तर त्याचा प्रधान वराहदेव याने करवले. पण अजिंठ्यात अपुरी लेणीही आहेत. चोविसावे पाहा. एवढा घाट घातला आणि अर्ध्यावर सोडला! तरी त्या कारागिरांना कोणी आरंभशूर म्हणत नाही. राजा गेला, आश्रय आटला, म्हणून काम थांबले, असे काही अभ्यासक समजुतीने सांगतात. डोंगर फोडणाऱ्यांना आश्रय लागतो, मग ढेरी उतरवणाऱ्याला लागू नये?

खरा खलनायक पहिला दिवस. त्या दिवशी नव्या माणसाला भलताच उत्साह असतो आणि शिकवणाऱ्याला त्याहून जास्त. जोर, बैठका, वजने, सगळे एकदम. दुखणे लगेच येत नाही. ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाहुण्यासारखे येते आणि मुक्काम ठोकते. हे आधी सांगितले असते तर माणूस म्हणाला असता, "आले, ठरल्याप्रमाणे आले." न सांगितल्यामुळे तो म्हणतो, "हे आपले काम नव्हे." दुखणे असे रोख आणि फळ मात्र काही महिन्यांच्या उधारीवर! गीतेतला निष्काम कर्मयोग आज कोणी खरोखर आचरत असेल, तर तो जिममधला नवखा.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. एखादी गोष्ट अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात, असा त्यांचा हिशेब निघाला. कोणाला १८, तर कोणाला २५४. मधला एखादा दिवस चुकला तर फारसे बिघडत नाही, असेही दिसले. म्हणजे आपण ज्याचा दहावा घालतो, तो बापडा अजून जिवंत असतो!

जुन्या आखाड्यात वस्तादाला हे पुस्तकाशिवाय ठाऊक असे. नव्या पोराला आधी लाल माती उकरायला लावीत. त्यातच त्याची निम्मी कसरत होई. पोरगा दोन दिवस दिसला नाही, तर दुसरा कोणी त्याच्या दारात जाऊन हाक मारी. शेजारच्या अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे गडी १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आले. त्यांनीही पहिली बैठक कधीतरी काढलीच असेल, आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरलाच असेल.

जिममध्ये पुष्कळदा वर्षाचे पैसे आगाऊ घेतात. तुम्ही आलात तर यंत्र झिजते, नाही आलात तर वाचते. आपल्या गैरहजेरीत ज्याचा फायदा, तो आपल्याला बोलवायला कशाला येईल?

मग बोलवावे कोणी? आपणच. पण शरीर त्याचे, मर्जी त्याची. त्यात नाक खुपसणारे आपण कोण? उपदेश करणाऱ्याला माणूस टाळतो, आणि त्याच्याबरोबर जिमलाही. शिवाय दुसऱ्याला सुधारताना आपल्याला जे बरे वाटते, ते जरा संशयास्पदच असते. मात्र अगदी गप्प राहणे म्हणजे त्याच्या स्वातंत्र्याचा मान राखणे, असेही नव्हे. तो बहुधा आपला आळस असतो.

यावर आमच्या वऱ्हाडी बोलीत तोडगा आहे : "काहून भाऊ, काल दिसले नाही?" व्याकरणात 'काहून' म्हणजे 'का'. पण या काहूनला कारण द्यावे लागत नाही. तुमची जागा काल रिकामी दिसली, एवढेच त्यात सांगितलेले असते. एवढ्यानेही पुष्कळदा माणूस परत येतो. नाहीच आला, तर विचारणाऱ्याचे काय गेले? आणि आलाच, तर इतके दिवस कुठे होता, असे विचारू नये. जरा सरकून जागा करावी आणि दहाच बैठका काढायला सांगाव्या. अकरावी त्याला स्वतःहून काढावीशी वाटली, की समजावे, लेणे पुढे खोदले जाऊ लागले.