नकाराचा मान

यवतमाळच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाठींचा हिशेब ठेवणारा एक तरुण होता. त्याला कविता करायचा नाद. वाचनालयात येणारी एक शिक्षिका त्याला फार आवडली. त्याने तिला बारा पानांचे पत्र लिहिले. तिकडून चिठ्ठी आली. तीत एकच शब्द होता, ‘नाही’.

पत्र पोचवणाऱ्या मित्राच्या तोंडात तीळ भिजेना. दुसऱ्याच दिवशी पोरांनी विचारले, “कविराज, अक्षता कधी?” तरुण गडबडला आणि बोलून गेला, “छे, मीच नकार दिला!”

खोटे टिकवायचे तर त्याला पुरावा हवा. त्याने तिच्या रंगाची, आवाजाची टिंगल करणारी कविता रचली. दोन-चार ओळी कट्ट्यावर ऐकवल्याही. ती शिक्षिका वाचनालयात यायची थांबली.

कोजागरीच्या कविसंमेलनात सगळी कविता म्हणायचे त्याने ठरवले. आधी म्हाताऱ्या ग्रंथपालांना वाचून दाखवली. ते हसले नाहीत. “काऊन रे पोरा, हे तिनं काय केलं म्हणून?”

“काका, माझी लाज गेली.”

ग्रंथपालांनी कपाटातून ‘दोस्तहो’ हे पुस्तक काढले. “याचे कवी भाऊसाहेब पाटणकर आपल्याच यवतमाळचे. वकिली केली, शिकारीचा षौक केला आणि मराठीत शायरी गाजवली. त्यांच्या शेरांत प्रियकराची फजिती होते, तरी तो रडत बसत नाही. त्याची मान ताठ राहते. लोक त्याच्यावर हसत नाहीत, त्याच्यासोबत हसतात.”

“मग मी लोकांना सांगू तरी काय?”

“झालं तेच सांग. स्वतः रडू नको आणि तिलाही रडवू नको.”

तरुणाने रात्री ती कविता फाडली. सकाळी तो आधी कट्ट्यावर गेला. “नकार तिने दिला. मी खोटं बोललो,” एवढे त्याने सगळ्यांसमोर सांगितले. कोजागरीला दुधाचे पेले फिरत असताना तो उभा राहिला. कोणाचेही नाव न घेता त्याने चारच ओळी म्हटल्या:

बारा पानी पत्र माझे,
तिचा शब्द एक, ‘नाही’;
थोर कवी तीच खरी,
वाचवली तिने शाई!

मांडव हसून लोटपोट झाला. चिडवणाऱ्या पोरांकडे आता चिडवायला काही उरले नव्हते. पोरे जे कुजबुजणार होती, ते त्यानेच मोठ्याने सांगून टाकले होते. पुढच्या आठवड्यात शिक्षिका पुन्हा वाचनालयात येऊ लागली. तरुणाने तिला नमस्कार केला, तिनेही केला. त्यापुढे त्याने काही अपेक्षा ठेवली नाही.

तात्पर्य: ‘नाही’ म्हणणे हा समोरच्याचा हक्क आहे, त्यात आपला अपमान नाही. दुसऱ्याला खाली ओढून आपली अब्रू वाचत नाही. जो नकाराचा मान राखतो आणि आपल्या फजितीवर मोकळेपणाने हसतो, त्याला कोणी मान खाली घालायला लावू शकत नाही.