नाव सांगितलं की गुण जातो?

आमच्या कर्जत-खालापूर भागात एक जुनी समजूत आहे. झाडपाल्याचं औषध द्यावं, पण झाडाचं नाव सांगू नये, सांगितलं की गुण जातो. पैसेही घेऊ नयेत, घेतले तरी गुण जातो. शिकलेली माणसं हे ऐकून हसतात. मला हसू येत नाही. कारण या समजुतीच्या पोटात एक अवघड प्रश्न आहे. जे ज्ञान आपण कमावलं नाही, नुसतं आपल्यापर्यंत आलं, ते कोणाचं?

सर्दी-खोकल्याचंच घ्या. आवणीच्या दिवसांत माणूस दिवसभर चिखलात वाकलेला, वरून पाऊस. आठ दिवसांत घराघरात खोकल्याची ठसक सुरू होते. तेव्हा वईतला अडुळसा आठवतो. कुंपणाला तो मुद्दाम लावतात. गुरं-शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत आणि फांदी खोचली तरी जगते.

त्याचा पाक करायला दहा-बारा जून पानं धुऊन, फाडून दोन तांबे पाण्यात टाकायची. सोबत आल्याचा तुकडा, चार मिरी, तुळशीची पानं, असलं तर ज्येष्ठमध. चूल मंद ठेवायची आणि पाणी आटून चतकोर होईपर्यंत उकळायचं. गाळून गूळ घालायचा, पुन्हा आटवून चिकट पाक करायचा. चव कडूच राहते. मोठ्या माणसाला दोन चमचे, गरम पाण्यातून. कफ सुटतो, घसा निवतो.

ही रीत माझी नाही. ती आमच्या घरी आली डोंगराच्या वाडीवरच्या एका ठाकरीण म्हातारीकडून. ती आवणीला यायची, आम्ही तिला आजी म्हणायचो. अडुळशाचं तिनं सगळं सांगितलं, हातचं काही राखलं नाही. पण मुसळीची जागा विचारली की गप्प. एकदा मी फारच मागे लागलो, तेव्हा म्हणाली, “पोरा, पान खुडलंस त परत येल. कंद उपटलास त खाली नुसती माती.”

तिचं गप्प राहणं गुण टिकवण्यासाठी नव्हतं, झाड टिकवण्यासाठी होतं. तेव्हापासून मी लपवण्याचे दोन प्रकार धरतो. एक झाडाच्या भल्यासाठी, दुसरा आपलं महत्त्व राहावं म्हणून. पहिला धर्म आहे. दुसऱ्यानं किती विद्या म्हाताऱ्यांबरोबर चितेवर गेली, त्याला गणती नाही.

आणि लपवलेलं सुरक्षित राहतं, हेही खरं नाही. 1995 साली अमेरिकेत हळदीनं जखम भरण्याचं पेटंट दिलं गेलं. आपल्या आज्या जे करत आल्या, त्यावर दुसऱ्याचा हक्क! तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर सीएसआयआरचे प्रमुख होते. त्या संस्थेनं आव्हान दिलं आणि 1997 साली ते पेटंट रद्द झालं. कशाच्या जोरावर? हळदीचा हा गुण आपल्याकडे जुन्या ग्रंथांत, लेखांत लिहून ठेवलेला होता. जे नुसतं पोटात ठेवलेलं असतं, त्याचा पुरावा काय देणार?

अडुळशाचंही तसंच. त्याच्या पानात व्हॅसिसीन नावाचं द्रव्य असतं. त्याच्यावरून ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं, ते आज दुकानातल्या कितीतरी खोकल्याच्या बाटल्यांत असतं. म्हणून काही वईतल्या अडुळशाचा गुण गेला नाही.

आता पैशाचं. आमच्याकडे मुंबईकरांची फार्महाऊस झाली आहेत. तिथले एक गृहस्थ पाक चाखून म्हणाले, “काका, पन्नास बाटल्या द्या. दोनशेनं घेतो. फक्त वर ‘खोकल्यावर रामबाण’ असं लिहा.” दहा हजार रुपये. भातात काय सुटतं हे ज्याला माहीत आहे, त्याला या आकड्याचं वजन कळेल.

मी नाही म्हटलं. औषध म्हणून विकायला परवाना लागतो, हे एक. पण खरी अडचण ‘रामबाण’ या शब्दाची होती. सर्दी औषध घेऊन सात दिवसांत जाते आणि न घेता आठवड्यात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पाकानं त्रास हलका होतो, एवढंच. गरोदर बाईला अडुळसा देऊ नये, तिच्या पोटातल्या गर्भाला धोका असतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला की पाक बाजूला ठेवून सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी, क्षय असू शकतो. हे सगळं ‘रामबाण’ या एका शब्दाखाली गाडलं गेलं असतं. आजीनं औषधासोबत त्याची हद्दही सांगितली होती. हद्द पुसून उरलेलं विकायचा अधिकार मला कोणी दिला?

याचा अर्थ विकणं पाप आहे, असा नाही. शेजारच्या ठाणे जिल्ह्यात, शहापूरला कातकरी तरुणांनी गुळवेल गोळा करून औषध कंपन्यांना विकण्याचं काम उभं केलं. रानात हिंडायला पाय लागतात, तोडायला, वाळवायला हात लागतात. त्या श्रमाचा पैसा मिळालाच पाहिजे. शहरातल्या माणसाला झाडपाला फुकट हवा असतो आणि डब्यात भरून आला की तो मागेल ती किंमत देतो, हाही न्याय नव्हे.

मला जे उमगलं ते असं. कष्टाचे पैसे घ्यावेत, सरपणाचे, गुळाचे घ्यावेत. गुणाचे घेऊ नयेत, कारण गुण आपण घातलेला नाही. नाव सांगावं, हद्द सांगावी, आणि कोणाकडून शिकलो तेही सांगावं. ज्याचा कंद उपटला जाईल, त्याची जागा तेवढी सांगू नये.

त्या गृहस्थांना मी बाटलीऐवजी अडुळशाच्या चार फांद्या दिल्या आणि रीत कागदावर लिहून दिली, वाडीवरच्या आजीच्या उल्लेखासकट. फांद्यांचे पैसे घेतले नाहीत. दोन तरी जगल्या असतील, अडुळसा सहसा मरत नाही.