पथ्य एकट्याचं नसतं

मधुमेहाचा रिपोर्ट हातात पडला की माणूस काही दिवस फार शहाणा होतो. नांदेडच्या डॉक्टर लेनमधून घरी पोचेपर्यंत त्याची साखर सुटलेली असते, भात सुटलेला असतो, पहाटे फिरायला जायचं ठरलेलं असतं. आठवड्यात नवे बूट येतात. मग नात्यात एखादं बारसं निघतं, एकादशी येते, मुलगी माहेरपणाला येते, आणि चहातली साखर मुकाट्यानं परत येते. बूट तेवढे राहतात. याला आपण 'मनाचा निग्रह कमी पडला' असं नाव देतो आणि रुग्णाच्या माथी दोष मारून मोकळे होतो. माझ्या मते हा दोष चुकीच्या माणसाच्या खात्यावर मांडला जातो. ज्याला रिपोर्टनं हादरवलं, त्याच्यात सुरुवातीला निग्रह असतोच. तो मोडायचं काम भोवतालचे करतात, आणि तेही प्रेमानं.

जेवण बदलून साखर आवरता येते, हा विचार ज्या मोहिमेनं मराठी घराघरांत नेला ती मोहीम लातूरच्या माणसाची आहे. तिचं मूळ मात्र नागपुरात. तिथले डॉ. श्रीकांत जिचकार हे अफाट वाचन असलेले गृहस्थ. वैद्यकीय पदवी, कायदा, आयएएस, मग राजकारण आणि मंत्रिपद असा त्यांचा प्रवास. २ जून २००४ रोजी अपघातात ते गेले. पण खाणं आणि इन्शुलिन यांच्या नात्यावरचं त्यांचं व्याख्यान मागे राहिलं. ते तेव्हा लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात जनऔषधवैद्यकशास्त्र शिकवणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या कानावर पडलं. त्यांनी आधी स्वतःवर प्रयोग केला आणि नंतर गावोगाव सांगत सुटले. खरी भूक लागते त्या दोन वेळा ओळखा, त्या दोनच वेळा जेवा, जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवा, मध्ये काही खाऊ नका, रोज ४५ मिनिटं चाला. सुरू करण्याआधी उपाशीपोटीचं इन्शुलिन आणि एचबीए१सी तपासून घ्या. दर वेळी तोंड हललं की शरीरात इन्शुलिन सुटतं, म्हणून तोंड हलण्याच्या वेळाच कमी करायच्या, हा त्यामागचा साधा हिशेब.

यावर वाद पुष्कळ झाले. ऋजुता दिवेकर यांच्यासारख्या आहारतज्ज्ञ थोड्या थोड्या वेळानं खा म्हणतात, दीक्षित दोनदाच खा म्हणतात, आणि मधल्या काळात मराठी घरांमध्ये यावरून तट पडले. त्या भांडणात न्यायाधीश व्हायची माझी इच्छा नाही. शिवाय दीक्षितांचा नियम मुख्यतः किती वेळा खावं याचा आहे. पिष्टमय पदार्थ कमी करा, म्हणजे ताटातला भात, पोळी, साबुदाणा, बटाटा, साखर कमी करा, हा नियम काय खावं याचा आहे. साखरेच्या रुग्णाच्या ताटात मात्र दोन्ही नियम एकाच ठिकाणी येऊन मिळतात. त्याला दीक्षितही गोड वर्ज्य करतात, आणि आधी कोशिंबीर, मग मोडाची कडधान्यं, पोळी-भाजी शेवटी, असा क्रम सांगतात.

मला त्या मोहिमेत लक्षात राहिली ती वेगळीच गोष्ट. तिथं सल्ला फुकट होता आणि माणूस एकटा नव्हता. मोबाइलवर गट होते. कुणाचं वजन उतरलं, कुणाचा रिपोर्ट सुधारला, कुणी लग्नात घसरलं, हे सगळं एकमेकांना कळत होतं. ज्या गोष्टीला आपण प्रेरणा म्हणून शोधत बसतो ती तिथं सोबतीतून येत होती.

परदेशातला अनुभवही हेच सांगतो. ब्रिटनमध्ये 'डायरेक्ट' नावाचा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. खाणं एकदम कमी करून, वजन उतरवून, वर्षाअखेर ४६ टक्के रुग्णांचा मधुमेह औषधाविना मागे हटला होता. दोन वर्षांनी हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आलं. म्हणजे सुरू करणं तितकंसं अवघड नव्हतं, टिकवणं अवघड होतं, आणि तेही परिचारिका नि आहारतज्ज्ञ सतत पाठीशी असताना. आपल्याकडे पाठीशी कोण असतं? "एवढ्यानं काय होतंय, खा की!" म्हणणारे मामा असतात.

ब्रिटनमधल्याच साउथपोर्ट गावचे डॉ. डेव्हिड अन्विन हे साधे जनरल प्रॅक्टिशनर. मधुमेहींना ते पिष्ट कमी करायला शिकवतात, आणि आकडे सांगण्याऐवजी साखरेचे चमचे सांगतात. दीडशे ग्रॅम शिजलेला भात रक्तात जे करतो ते जवळपास दहा चमचे साखरेइतकं, असा त्यांचा तक्ता आहे. त्यांच्या पत्नी जेन मानसशास्त्रज्ञ. पाय कापावा लागेल, डोळे जातील, असं घाबरवण्यापेक्षा 'तुम्हाला काय करता यायला हवंय?' असं विचारावं, हा धडा त्यांच्याकडून आला. नातवंडाला खांद्यावर घ्यायचंय, शेताला चालत जायचंय, असलं काहीतरी उत्तर येतं आणि त्यावर माणूस उभा राहतो. भीती रिपोर्टबरोबर येते आणि पुढचा रिपोर्ट बरा आला की जाते. म्हणून भीती आहे तेवढ्या दिवसांतच घराच्या सवयी बदलून घ्यायला हव्यात. नंतर बदलायचं म्हटलं तर कुणाला घाई नसते.

आता आपल्या ताटाकडे वळू. मराठवाड्यात एक गोड समजूत आहे की भाकरी खाल्ली की साखर वाढत नाही. डॉक्टरांनी पोळी बंद केली म्हणून चार भाकरी चुरून खाणारे मी कितीतरी पाहिले आहेत. ज्वारीत चोथा आहे, खनिजं आहेत, मैद्याच्या पावापेक्षा ती कितीतरी बरी. पण तिच्याही वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग पिष्टच असतो. भाकरी जिवाभावाची खरी, पण ती औषध नाही. एक भाकरी आणि वाटीभर घट्ट वरण, पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी, ताक, हे जेवण निराळं. आणि तीन भाकरी नि पातळ आमटी हे निराळं. उपासाचंही तेच. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. ज्या दिवशी देवासाठी पोटाला विश्रांती द्यायची त्याच दिवशी आपण वर्षातलं सगळ्यात साखरवाढू जेवण जेवतो, वर बटाट्याचा कीस आणि राजगिऱ्याचा गुळाचा लाडू. विठ्ठलानं हे मागितलेलं नाही.

कमी पिष्टाचं जेवण म्हटलं की लोकांना अव्होकॅडो आणि बदामाचं पीठ आठवतं, आणि 'हे आपल्यासाठी नाही' म्हणून विषय मिटतो. वास्तविक येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, लातूर शहर ओस पडतं, सगळे शेतात जातात, तेव्हा ताटात मुख्य काय असतं? भज्जी. तुरीचे ओले दाणे, हरभरा, वाटाणा, रानातल्या भाज्या, शेंगदाणे, त्याला बेसन. जवळजवळ सगळी कडधान्यं आणि पाला. शेजारी ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील. तिथं उंडे नि खीर मात्र हात राखून घ्यावी लागेल. वर्षातून एकदा भज्जीला मान देणारा हा मुलूख उरलेले दिवस भात, चुरमुऱ्याचा सुशीला आणि बिस्किटावर काढतो. लातूर तुरीच्या डाळीची बाजारपेठ. सोयाबीनच्या भावासाठी राज्य लातूरच्या आडतीकडे बघतं. सोयाबीनमध्ये जवळपास चाळीस टक्के प्रथिनं. आपण त्याचं तेल काढतो, खातो, आणि प्रथिनांनी भरलेली पेंड कोंबड्यांना पाठवतो. कोंबडी आपल्यापेक्षा बरं जेवते असं म्हटलं तर राग येऊ नये.

या खाण्यामागे इतिहास आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, खडी फोडून सुकडीवर दिवस काढले, परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी गिळली, त्यांच्यासाठी गव्हाची पोळी आणि पांढरा भात म्हणजे सण. ते पाहुण्याला वाढणं म्हणजे 'आता आमच्यात कमी नाही' असं सांगणं. पुढे रेशनवर गहू-तांदूळ आला आणि सण रोजचा झाला. दुसरीकडे शरीर मात्र उपासमारीचं वळण सोडत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि बाळं तपासली. बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडच्या साउदम्पटनमधली ३.५ किलोची. आपली बाळं हडकुळी, पण चरबी मात्र त्या मानानं राखलेली. मोठेपणीही आपला काटकुळा दिसणारा माणूस आत चरबी बाळगून असतो. म्हणून 'मी कुठं जाड आहे, मला कसली साखर?' हा प्रश्न आपल्याकडे निरर्थक ठरतो. पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळ सोसलेल्या मराठवाड्याला हे अधिकच लागू असणार, असं मला वाटतं.

ज्या आग्रहानं एकेकाळी भुकेला माणूस जगवला, तोच आग्रह आज मधुमेह्याला मारतो. पंगतीत 'नको' म्हणणाऱ्याच्या ताटात जिलेबी टाकून हसणारा यजमान हा प्रेमळ माणूस नाही. दारू सोडलेल्याच्या हातात कुणी पेला ठेवला तर त्याला आपण शिव्या देतो. आग्रहाच्या जिलेबीला तोच न्याय लावायला आपण अजून तयार नाही. लग्नाच्या पत्रिकेवर 'आहेर आणू नये' छापायला आपण शिकलो. वाढप्यांना 'आग्रह करू नये' असं सांगायला पैसेही लागत नाहीत.

आता सगळ्यात अवघड भाग. घरात साखर कुणाला झाली यावर पथ्य ठरतं. कर्त्या पुरुषाला झाली तर घर हलतं. त्याच्यासाठी वेगळं वरण, मोड आलेली मटकी, वेळेवर ताट, "यांना भात चालत नाही" अशी सगळ्यांना ताकीद. हेच बाईला झालं तर? ती सगळ्यांचा भात शिजवते, सगळ्यांच्या पोळ्या लाटते, आणि दुपारी अडीचला उरलेला भात 'वाया कशाला घालवायचा' म्हणून स्वतःच्या ताटात घेते. तिच्यासाठी वेगळं कोण करणार? तीच करणार, म्हणजे कुणीच नाही. सून मधुमेही असेल तर सासूबाई म्हणतात, "हे आजकालचे नखरे." सासू मधुमेही असेल तर सून घाबरून बोलत नाही. अशा घरात बाईकडून निग्रहाची अपेक्षा करणं हा निर्लज्जपणा आहे. उरलेलं अन्न संपवणं ही तिची जबाबदारी नाही, हे घरातल्या पुरुषानं मोठ्यानं म्हणायला हवं. म्हणून न थांबता त्यानं अधूनमधून शेगडीपाशी उभंही राहायला हवं.

गरिबीचा मुद्दाही सोडून चालणार नाही. अन्नसुरक्षा कायद्याखाली माणशी पाच किलो धान्य मिळतं, तेही फुकट, आणि ते मुख्यतः गहू-तांदूळच असतं. डाळ विकत घ्यावी लागते. जिच्या घरी महिन्याची तूरडाळ चार दिवसांत संपते तिला 'भात कमी, वरण जास्त' सांगणं म्हणजे तिची थट्टा. रेशनमध्ये डाळ आणि ज्वारी यावी म्हणून आमदारांना पत्र लिहिणं हाही आहारसुधारणेचाच भाग आहे. रस्त्याच्या कामासाठी जसं आपण निवेदन देतो तसंच याचंही द्यावं. तोवर शेंगदाणे, अंबाडी, शेवगा, अंडी आणि सोयाबीन ही आपल्याच रानातली, आवाक्यातली माणसं आहेत असं समजून त्यांना जेवायला बोलवावं. सोयाबीन मात्र नीट शिजवूनच.

एक इशारा इथंच. इन्शुलिन घेणारे, किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणारे यांनी परस्पर भात-पोळी तोडू नये. खाणं कमी आणि औषध तेवढंच राहिलं तर साखर एकदम खाली येते, घाम सुटतो, माणूस कोसळतो. काही नव्या गोळ्यांबरोबर फार कडक पथ्य केलं तर रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं किती हेही डॉक्टरांनी ठरवायचं. आधी डॉक्टरांना सांगा, डोस बदलून घ्या, मग ताट बदला. जे लोक मोबाइलवरचा व्हिडिओ बघून गोळ्या कचऱ्यात टाकतात त्यांना धाडसी म्हणू नका.

तीस वर्षं ओलांडलेल्या प्रत्येकाची रक्तदाब नि साखरेची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट होते, गावातल्या आशाताईंकडे त्याचा फॉर्म असतो. वाचकांना माझं सांगणं एवढंच की, या आठवड्यात घरातल्या बाईला आधी तिथं न्या, स्वतः नंतर जा. दोघांपैकी कुणाचाही आकडा वाढलेला निघाला तर त्याच रात्रीपासून सगळ्या घराचं ताट एक करा. भाताचं पातेलं लहान आणि वरणाचं मोठं घ्या, चहातली साखर सगळ्यांची सोडा, आणि घरात येणाऱ्या पाहुण्यालाही तेच वाढा.